कूपन हातात, पण नजर घटकावर



आपल्या नाशिक जिल्ह्यात ‘औषध’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षबागेत कोणी म्हणाले, “आज औषध मारायचे आहे,” तर ते वेलीवर. घरात आजी म्हणाली, “औषध संपले,” तर त्या तिच्या बीपीच्या गोळ्या. पहिले औषध कृषी सेवा केंद्रात मिळते, दुसरे मेडिकलमध्ये. या सदरात आपण नेहमी पहिल्या औषधाबद्दल बोलतो. आज दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे, कारण अलीकडे घराघरांतून एकच प्रश्न कानावर येतो. शहरातल्या मेडिकलने कार्ड दिले आहे, मोबाईलवर कूपन आले आहे, २० टक्के सूट म्हणतात, खरेदीवर पॉइंट मिळतात. यात खरोखर पैसे वाचतात का?

थोडक्यात उत्तर असे की वाचतात, पण थोडे. मोठी बचत कूपनात नाही, ती दुसरीकडे आहे. ती कोठे आहे हे आपल्या शेतकऱ्यांना समजायला मुळीच अवघड नाही, कारण शेतात आपण तीच रीत रोज वापरतो.

कूपनाचा जन्मच औषधाच्या दुकानातला

अमेरिकेतील अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषध बनवणाऱ्या गृहस्थाने १८८६ साली कोका-कोला हे पेय तयार केले. त्या काळी तिकडे औषधाच्या दुकानातच सोडा-पाणी विकण्याची सोय असे, आणि हे पेय तेथेच पेल्याने मिळे. पुढे हा धंदा आसा कँडलर यांच्या हाती आला. पेय खपावे म्हणून लोकांना चिठ्ठ्या वाटण्यात आल्या: ही चिठ्ठी दुकानात दाखवा आणि एक पेला फुकट प्या. जगातील सर्वांत जुन्या कूपनांत या चिठ्ठ्यांची गणना होते.

फुकटच्या पेल्यात दुकानदाराचा तोटा झाला नाही. एकदा चव लागलेला माणूस दुसऱ्या पेल्याला पैसे देऊन आला. सव्वाशे वर्षे उलटली, चिठ्ठीच्या जागी मोबाईलवरचा संदेश आला, पण हेतू तोच राहिला. गिऱ्हाईक दुकानात यावे, पुन्हा यावे आणि आले की थोडे जास्त घ्यावे. यात फसवणूक आहे असे नाही, व्यापाराची ती रीतच आहे. फक्त ती ओळखून आपण आपला हिशोब करावा.

सूट येते कोठून?

गोळ्यांच्या पाकिटावर जी छापील किंमत असते ती सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत होय. तिच्यापेक्षा एक पैसाही जादा घेता येत नाही, कमी घेता येतो. सूट म्हणजे या छापील किमतीतून दुकानदाराने आपल्या नफ्याचा सोडलेला भाग.

आता हा नफा किती असतो ते पाहा. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांवर सरकारने कमाल किंमत बांधून दिली आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ती किंमत काढताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला जातो. यादीबाहेरच्या औषधांत साधारण २० टक्के सुटण्याचा व्यापारातील रिवाज आहे. म्हणजे नावाजलेल्या कंपनीच्या गोळीवर गावचा मेडिकलवाला १० टक्के सोडतो, तेव्हा तो आपल्या पोटातले अर्धे देतो. मोठी साखळी-दुकाने घाऊक खरेदी करतात, त्यांना थोडे जास्त सोडणे जमते.

पण कोणी ६०-७० टक्के सूट देतो तेव्हा काय समजावे? तेथे छापील किंमतच फुगवलेली असते. काही गोळ्या दुकानदाराला अगदी स्वस्तात मिळतात आणि पाकिटावर किंमत कित्येक पट जास्त छापलेली असते. नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची घाऊक पेठ आहे. तेथे व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही विचारा, हे गुपित नाही. आठवडे बाजारात पाचशे रुपये सांगून दोनशेला देणारा कापडवाला तीनशे रुपयांचे दान करत नसतो. म्हणून सूट किती टक्के हा प्रश्न निरुपयोगी आहे. शेवटी एका गोळीला किती रुपये पडले, हा प्रश्न विचारावा.

हा हिशोब सोपा आहे. समजा, १० गोळ्यांचे पाकीट ९० रुपयांचे आहे आणि त्यावर १० टक्के सूट आहे. ते ८१ रुपयांना, म्हणजे गोळी ८ रुपये १० पैशांना पडली. शेजारी त्याच घटकाचे १५ गोळ्यांचे पाकीट ११४ रुपयांचे आहे, सूट काही नाही. तेथे गोळी ७ रुपये ६० पैशांना पडते. सुटीचे पाकीटच महाग निघाले.

पॉइंटांचा हिशोब

कार्डावरचे पॉइंट म्हणजे उशिरा मिळणारी सूट. समजा, दर १०० रुपयांच्या खरेदीवर २ रुपयांचे पॉइंट जमतात. महिन्याला १,००० रुपयांची औषधे घेणाऱ्या घराचे वर्षात २४० रुपये होतात. ते सोडावेत असे मी म्हणणार नाही. मात्र तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पॉइंट किती दिवसांनी बाद होतात? ते औषधावर वापरता येतात की फक्त साबण-पावडरीवर? आणि वापरण्यासाठी किमान किती रुपयांची खरेदी करावी लागते?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. “आणखी दीडशेचे घ्या, म्हणजे कूपन लागू होईल,” असे ऐकले की हात टॉनिकच्या बाटलीकडे जातो. दर महिन्याला असे १५० रुपये गेले तर वर्षाचे १,८०० रुपये होतात. २४० मिळवायला १,८०० घालवले, ही कुठली बचत? त्यात गावाहून शहरात जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी धरली, तर कूपन घरी येईपर्यंत संपूनच जाते. बाजाराला, बँकेच्या किंवा मार्केट यार्डाच्या कामाला जायचेच असेल त्याच दिवशी औषधांची खरेदी ठेवावी.

गोणीवरचे आकडे आणि पाकिटावरचे नाव

आता मुख्य मुद्दा. खताची गोणी घेताना आपण काय वाचतो? १०:२६:२६ हे तीन आकडे. नत्र, स्फुरद, पालाश किती ते त्यावरून कळते. गोणीवर सिंहाचे चित्र आहे की सूर्याचे, हे दुय्यम. तसेच करप्यासाठी मॅन्कोझेब ७५ टक्के घ्यायचे असेल तर अनुभवी बागायतदार डब्यावरील मोठ्या अक्षरातील व्यापारी नावाला भुलत नाही. बारीक अक्षरातील घटक आणि त्याचे प्रमाण वाचतो, दोन-तीन कंपन्यांचा भाव विचारतो आणि मग घेतो.

माणसाच्या औषधाचेही तसेच आहे. प्रत्येक पाकिटावर व्यापारी नावाबरोबर घटकाचे मूळ नाव छापलेले असते. तापाच्या गोळीची व्यापारी नावे डझनावारी असतील, घटक पॅरासिटामॉल. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि बीपीच्या गोळ्यांत ॲम्लोडिपिन ही नेहमी आढळणारी नावे. या मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधाला जेनेरिक म्हणतात. घटक तोच, प्रमाण तेच, पण किंमत पुष्कळदा निम्म्याहून कमी असते, कारण जाहिरातीचा आणि नावाचा खर्च त्यावर चढलेला नसतो.

दिंडोरी तालुक्यात एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून दोन पाकिटे काढली. एक सासूबाईंचे, एक वडिलांचे. “साहेब, याची नावं येगळी, पण मागं बारीक अक्षरात एकच लिव्हलंय. मग हे सत्तरचं अन् हे अठराचं कसं?” शिक्षण सातवीपर्यंतचे, पण द्राक्षाच्या औषधांचे डबे वाचून वाचून नजर तयार झालेली. माझे अर्धे काम त्या ताईंनीच केले.

तुलना करताना मात्र आपली शेतातलीच काळजी येथे घ्यावी. प्रमाण जुळले पाहिजे, ५०० मिलिग्रॅमच्या जागी २५० चालणार नाही. एका गोळीत दोन-तीन घटक असतील तर ते सगळे जुळले पाहिजेत. केवड्यासाठी मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेले औषध सांगितले असता नुसते मॅन्कोझेब मारून भागत नाही, तसेच हे. शिवाय नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरे असतील तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते. तिच्या जागी साधी गोळी घेऊ नये. बुरशीनाशकात डब्ल्यूपी आणि एससी यांत फरक असतो हे आपल्याला ठाऊकच आहे.

जनऔषधी केंद्र

जेनेरिक औषधे लोकांना स्वस्तात मिळावीत म्हणून केंद्र सरकारने २००८ साली जनऔषधी योजना सुरू केली. आज ती ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना’ या नावाने चालते. देशातील केंद्रांची संख्या २०२३ च्या नोव्हेंबरात १०,००० झाली, पुढेही वाढत गेली. नाशिक शहरात आणि तालुक्याच्या गावीही अशी केंद्रे आहेत. मोबाईलवर ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप घेतले तर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतात. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवावे.

नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा येथील औषधे साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. स्वस्त म्हणजे हलके ही शंका मनात येते. तर या औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांकडे पाठवली जाते. मुलीबाळींसाठी तेथे ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड मिळतात. २०१९ पासून त्यांची किंमत एका पॅडला १ रुपया ठेवलेली आहे.

आता उदाहरणाचे आकडे मांडू. समजा, आजीला बीपी आणि शुगरच्या मिळून महिन्याला ४८० रुपयांच्या गोळ्या लागतात. १५ टक्क्यांचे कूपन लावले तर महिन्याला ७२ आणि वर्षाला ८६४ रुपये वाचतील. त्याच घटकाच्या गोळ्या जेनेरिकमध्ये १२० रुपयांना मिळाल्या तर महिन्याला ३६० आणि वर्षाला ४,३२० रुपये वाचतील. कूपन आणि घटक यांतील फरक तो हा.

एक अडचणही सांगायला हवी. या केंद्रांत प्रत्येक औषध प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी चौकशी करावी, म्हणजे मागवून ठेवता येतात. पाकिटावर जनऔषधीचे चिन्ह आहे ना हे पाहावे आणि पावती घ्यावी.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले औषध परस्पर बदलून देण्याची परवानगी मेडिकलवाल्यास नाही. म्हणून बदल हवा तर तो डॉक्टरांच्या टेबलापाशीच मागावा. “डॉक्टरसाहेब, या औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का? आम्हाला जेनेरिक घ्यायचे आहे,” एवढे वाक्य पुरे. यात त्यांचा अपमान नाही. डॉक्टरांसाठी असलेल्या आचारनियमांत २०१६ साली केलेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहिणे अपेक्षितच आहे.

फिट्स येणे, थायरॉईड, रक्त पातळ ठेवण्याची औषधे, यांत मात्र कंपनी वारंवार बदलू नये. बदल करायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

फुकट मिळते ते विकत का घ्यावे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत केले आहेत. आपल्या गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, नाशिकचे जिल्हा रुग्णालय ही सर्व त्यात येतात. बीपी-शुगरची नेहमीची औषधे तेथे मिळतात. गावात आशाताई असतात, त्यांना विचारले तर कोणत्या दिवशी जावे हेही कळते. रांगेत थोडा वेळ जाईल, पण एवढे मोठे कूपन कुठल्याही दुकानाने छापलेले नाही.

जुलाबावरच्या ओआरएसची पुडीही आरोग्य केंद्रात मिळते. येथे एक इशारा. डब्यातील गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. लेकराला जुलाब झाले असता गोड पेय नव्हे, पाण्यात विरघळवायची खरी पुडीच द्यावी.

मग कूपन कोठे वापरावे?

कापूस, पट्टी, डेटॉल, साबण, बाळाचे डायपर, दुखऱ्या सांध्यांचा मलम, थर्मामीटर अशा वस्तू आपण नाहीतरी घेणारच असतो. तेथे कूपन जरूर वापरावे, कार्डावर पॉइंटही जमवावेत. घरातून निघतानाच यादी करावी आणि यादीतल्या वस्तूंवरच कूपन लावावे. कूपन पाहून यादी करू नये.

डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची जी औषधे आहेत त्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण पाहून आपण सावध होतो, तशीच ही खूण समजावी. लाल रेघेचे औषध सूट आहे म्हणून, शेजाऱ्याला गुण आला म्हणून, किंवा “असू द्या घरात” म्हणून घेऊ नये. एकदम सहा महिन्यांचा साठाही करू नये. मध्येच डॉक्टरांनी मात्रा बदलली तर उरलेल्या गोळ्या वाया जातात. न कापलेले पाकीट परत घेणार का, हे घेतानाच विचारावे.

सर्वांत महाग गोळी

या सगळ्या हिशोबामागे एक गंभीर गोष्ट आहे. कांद्याचे भाव पडले की घरात पहिली काटकसर कशात होते? पोरांची फी थांबत नाही, ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. थांबते ती आजीची गोळी. “मला आता बरं वाटतंय, राहू द्या या महिन्यात,” असे म्हातारी माणसे आपणहून म्हणतात, आणि घरातलेही नाइलाजाने ऐकतात. काहीजण एक दिवसाआड गोळी घेतात, म्हणजे पाकीट दोन महिने पुरते.

बीपी वाढलेला असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. म्हणून गोळी बंद केली तरी चार-सहा आठवडे काही बिघडले असे वाटत नाही. आणि एके दिवशी लकवा मारतो. मग गाडी करून नाशिकला न्यायचे, दवाखान्यात अनामत भरायची, कुणाकडून तरी उसने घ्यायचे, आणि शेतातला एक माणूस कायमचा खाटेजवळ बसवायचा. भुरी दिसेपर्यंत थांबू म्हणणाऱ्याची बाग हातची जाते हे आपण जाणतो. घरातल्या माणसाच्या बाबतीत तीच चूक होऊ देऊ नये.

म्हणून स्वस्त गोळीचे महत्त्व पैशांपुरते नाही. महिन्याला ४८० रुपयांची गोळी चार महिन्यांत बंद पडते. १२० रुपयांची किंवा आरोग्य केंद्रातली मोफत गोळी पडत्या भावाच्या वर्षातही चालू राहते. जी गोळी घेतलीच नाही, तीच सर्वांत महाग.

ध्यानात ठेवा

१. सुटीचे टक्के पाहू नका, एका गोळीची किंमत काढा.
२. पाकिटावरील घटक, प्रमाण आणि पुढची अक्षरे वाचा.
३. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, परस्पर बदल करू नका.
४. आधी आरोग्य केंद्र, मग जनऔषधी, मग गावचे मेडिकल अशा क्रमाने चौकशी करा.
५. मुदत संपण्याची तारीख पाहा. सुट्या गोळ्या घेताना तारीख व बॅच क्रमांक असलेला तुकडा मागा.
६. पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.
७. नेहमीच्या औषधांची नावे व मात्रा एका वहीत लिहून भिंतीला टांगा. फवारणीचे वेळापत्रक जेथे टांगता, तेथेच.

कूपन मिळाले तर खुशाल खिशात ठेवा. पण आज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात घरातली सगळी पाकिटे एकदा पुढ्यात घ्या आणि सूनबाईंना, पोरांना त्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला सांगा. कोणाच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या आहेत काय, तेही त्यातच कळेल.

पुढील अंकी उन्हाळ कांद्याच्या चाळीतील हवा खेळती कशी ठेवावी, ते पाहू.